आश्रित

सिव्हिल लाइन्सचं ऑफिस, खिडकी चार.
कूलर नुसताच वारा फेकतो, पाणी संपलेलं.
निमजे म्हणतो, बाई, मुदत एकतीसची,
मग नाव घालता येत नाही.

मेडिकलच्या वॉर्डात चौतीस वर्षं
मी दुसऱ्यांचे तक्ते भरले :
ताप, नाडी, लघवी किती.
आता माझा.
सेवानिवृत्त अधिपरिचारिका. बरं.
त्याखाली, आश्रित.

देवराव चष्मा पुसत राहिले.
इतवारीत घड्याळं दुरुस्त केली जन्मभर,
माझी नाइट असली की
पोरीची वेणी घालून द्यायचे, वाकडी.
“मी काय तुझा आश्रित व्हय?”
मागची रांग ऐकत होती.

रकाना त्यांचा, म्हटलं, शब्दही त्यांचाच.
आपण नाव लिहायचं फक्त.

घेतलं त्यांनी पेन.
तबकडीवर आकडे रेखावेत
तसं एकेक अक्षर.

पूर्वीचे आजार?
“साखर,” मी म्हणाले.
ते खाली बघूनच बोलले,
“अन् जिना चढताना छातीत येते थोडंसं.
दिवाळीपासून.
तेही लिहू का?”

फॉर्मसाठी निमजेचा हात बाहेर आला.
थांबा, म्हटलं त्याला.
त्यांनीच नीट केलेल्या माझ्या घड्याळावर
मी नाडी मोजत होते.