हौदा

गेले तीन महिने आमच्याकडे
जेवणाआधी, जेवणानंतर, कधी घास तोंडात असतानाच
गाडीचं बोलणं.
राजेशमनं वहीचं मधलं पान फाडून
चार रकाने आखलेत.
पहिल्यात सिंगल केबिन, दुसऱ्यात डबल,
तिसऱ्यात गड्डमची जुनी, एक लाख दहा हजार फिरलेली,
जिच्या दारातून अजून कांद्याचा वास येतो.
चौथा रिकामा.
चौथा कशाला, तर म्हणतो, असू दे. सुचेल काही.

सोमवार ते शनिवार गाडी टॉवेलची.
मागावरून डाईंगला, डाईंगहून शिलाईला,
शिलाईहून ट्रान्सपोर्टच्या गोदामात, रात्री आठच्या आत.
टेम्पोवाला मल्लिनाथ दर खेपेला
डिझेलचं रडगाणं गातो आणि पन्नास वाढवतो.
हे सगळं मला ठाऊक. हिशेब मीच लिहिते.
म्हणून तर पानावर बोट ठेवून विचारलं,
यात रविवार कुठं आहे?

प्रणीतला डबल केबिन हवी,
पुढं एसी, मागच्या सीटवर मित्र.
मामांचा गुडघा विचारतो, पायरी केवढी उंच.
राजेशम विचारतो ॲव्हरेज, हप्ता, पाट्याच्या स्प्रिंगा,
आणि मी काय विचारते ते कुणी विचारत नाही.

मी एकदाच म्हणाले होते,
शहाबादी फरशीवर पाय सोडून भाकरी थापताना,
की लग्नाला चोवीस वर्षं झाली
आणि मी अजून उघड्यावर झोपलेले नाही.
गच्ची धरू नका. गच्चीवर मागांचा खटखटाट वर येतो,
आमच्या गल्लीत रात्रपाळी उजाडेपर्यंत चालते,
झोपेतसुद्धा धोटा इकडून तिकडं जातो.
वडाळ्याच्या पुढं बहिणीचा माळ आहे,
कुसळं, मुरूम, पहाटे लांबवर काळविटांचा कळप.
तिथवर जाणारी वाट अशी
की आमची स्कूटर दोनदा पोट घासून परत आली.

होटगी रोडच्या शोरूममध्ये
टाय लावलेला मुलगा पेलोड सांगत होता,
बाहेर एप्रिलचा डांबरी उजेड, आत एसी.
मॅडम, आत बसून बघा ना, सीट बघा.
मी सीट नाही बघितली.
मागं गेले. चप्पल काढली, पदर खोचला,
टायरवर पाय देऊन हौद्यात चढले
आणि आडवी झाले.

मुलाचं बोलणं बाराशे किलोवर थांबलं.
पत्रा गार होता. वर ट्यूबलाइट, कुणाच्या तरी डिलिव्हरीचे फुगे.
राजेशम आधी इकडंतिकडं बघत राहिला,
मग खिशातून टेप काढला, गठ्ठे मोजायचा,
आणि टाचेपासून डोक्यापर्यंत मला मोजलं.
पाच फूट एक. म्हणाला, डोक्यावर बरीच जागा उरते.
शेजारच्या डबल केबिनीत गुडघे दुमडावे लागले.
त्याला स्वतःला आडवं व्हायला लाज वाटली,
म्हणून तो हौद्याला टेकून उभा राहिला
आणि मी वरून टेप सोडला.

त्या रात्री दिवा बंद करून
आम्ही बराच वेळ मागांचा आवाज ऐकत पडलो.
सकाळी बघितलं तर चौथ्या रकान्यात
त्याच्या तिरक्या, अर्ध्या तेलुगू वळणाच्या अक्षरात :
माणसं दोन, आडवी. वजन एकशे बत्तीस.
पहिल्या रकान्याभोवती गोल.

प्रणीत दोन दिवस रुसलाय.
मामांसाठी लाकडी पाट पायरीला लावायचा ठरलंय.
रंग पांढरा, कारण इथं दुसरा रंग टिकत नाही.
मी म्हटलं, खाली पत्रा आहे, एखादी गादी घेऊ.
तो टॉवेलच्या घड्या मोजत होता, मान वर केली नाही.
गादी कशाला, म्हणाला,
काठ वाकडे गेलेले सेकंडचे आहेत की.