थांबल्याचे पैसे

कराड स्टँडच्या मागे ढेबेवाडीचं वडाप उभं.
अकरा माणसं झाली. बारावं आल्याशिवाय
हैबतीनाना चावीला हात लावायचे नाहीत.

डॅशबोर्डावर, वाळक्या नारळाशेजारी,
काळ्या पत्र्याची पेटी: मुंबईचं मीटर.
टॅक्सी भंगारात गेली, हे तेवढं
गोणपाटात गुंडाळून त्यांनी गावी आणलं.
तार तुटलेली. चाकाशी कसलाच संबंध नाही.
पोरं हसतात, "नाना, कोळ्यापतूर किती झालं बघा की!"

मी मराठीचा मास्तर. शब्द दिसला की उकरतो.
म्हटलं, नाना, नाव आधी ह्या पेटीचं, मग गाडीचं.
टॅक्सा म्हणजे आकारणी, पट्टी.
मीटर म्हणजे माप.
दोन्ही मिळून पेटीला म्हणाले टॅक्सीमीटर,
पेटीवाल्या गाडीलाही तेच,
मग जिभेला कंटाळा आला, माप गळून पडलं,
पट्टी तेवढी रस्त्यावर धावत राहिली.

नाना फडक्यानं काच पुसत होते.
"म्हंजी आमच्यागत. कुंभारगाव सुटलं,
आडनावात ऱ्हायलं."

मागून एक बाई: "आन् वडापचं ओ, मास्तर?"
वढ म्हणजे ओढ असावी. पुढचं आप कुठलं,
मला ठाऊक नाही. तसं सांगितलं.
"मंग काय शिकिवता?" तिनं पिशवी
ह्या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

मीटरचे आकडे आठ-चाळीसवर थांबलेत.
मी विचारलं नव्हतं.
"गाडीचा शेवटचा दिस हुता," नाना म्हणाले.
"दवाखान्याच्या दारात एक बाई उतरली.
थांबा, आलेच, म्हनली.
झेंडा पाडल्याला. उभ्या गाडीचंबी पडत्यात पैशे,
टक्... टक्...
कार्डावर बघितलं, शंभराच्या वर गेल्तं.
रात्री धाला निघालो.
थर्मास ऱ्हायला हुता शिटावर,
वॉचमनकडं दिला.
गरम हुता अजून."

झेंडा अजून पाडलेलाच आहे.

पाऊण तास झाला आम्हाला बसून.
ढेबेवाडीचे चाळीस रुपये, सगळ्यांना सारखे,
बसल्याचे काही नाहीत.

बारावा आला, खताचं पोतं घेऊन,
पोत्याचे वेगळे की कसे, ह्यावर घासाघीस झाली.
नानांनी चावी फिरवली.
डावा हात सवयीनं पेटीकडे गेला,
झेंड्याच्या वीतभर अलीकडे
थबकला,
आणि गिअरवर आला.