रकाना

टँकर पहाटे साडेचारला येतो कत्तलखान्याकडून.
गोठू नये म्हणून आत सायट्रेट घातलेलं.
बाहेर आयोवा मात्र पार गोठलेलं, उणे एकोणीस,
मक्याच्या रानात नुसती धसकटं.

आम्ही ते घुसळतो.
दुसरा शब्द मला सापडला नाही.
लाल खाली बसतं, वर राहतं गव्हाळ पाणी,
आणि गरम हवेच्या झोतात
त्याची भुकटी होते, सातूच्या पिठासारखी.

आई फोनवर विचारते, काय बनवता गं तिथं?
पावडर.
दुधाची?
तसंच काहीतरी, म्हणते मी.
अगदीच खोटं नाही ते.

कारण एकविसाव्या दिवशी
डुकरिणीपासून पिलू तोडतात.
ट्रकमधून उतरतं ते परक्या पिलांत, परक्या वासात,
दोन दिवस तोंड लावत नाही, मग ढाळ लागते.
दुधातून रोज येणारे राखणदार
एका दुपारी यायचे थांबलेले,
आणि घरच्यांना अजून मिसरूडही फुटलेलं नाही.
तेव्हा शंभर घमेली खाद्यात
पाच घमेली हे.

ही प्रतिद्रव्यं रक्तात शिरत नाहीत फारशी.
आतड्यातच राहतात, उंबऱ्याच्या अलीकडे,
आल्या जंतूला मिठी मारतात
आणि त्याच्यासकट वाहून जातात.
आत कुणाला कळतही नाही
की दारात कोणी आलं होतं.
दिवे लागत नाहीत, भांडी आदळत नाहीत.
जे बळ भांडणात गेलं असतं
ते अंगी लागतं.
मी वजनं केलीत, काट्यावर दिसतं ते.

कुणाचं रक्त, कुणाचं पिलू.
कधी भेटले नाहीत ते, लोर्ना हेगस्टाड म्हणते,
आणि हात घासून घासून धुते,
मग सँडविच उघडते.

आमच्याकडे म्हैस व्यायली की
चीक आधी पारडाला.
त्याचं पोट तटतटल्यावर उरेल
त्याचाच खरवस, असा अण्णांचा दंडक.
शेजारच्या वाट्या ताटकळत राहायच्या ओट्यावर.

माझी रजा सहा आठवड्यांची.
बेचाळिसाव्या दिवशी केतकीला
लोर्नाच्या बहिणीकडे सोडली,
सात परक्या पोरांत.
आठवडा नाही झाला,
तिथून फोन: चार लंगोट, हिरवट, ताप नाही अजून.

मी तेव्हा लॉकररूममध्ये होते,
पंप छातीशी धरून, भिंतीकडे तोंड.
पलीकडे ड्रायर घरघरत होता,
अलीकडे हा.
दूध येईना. मग आलं.

पोत्यांच्या नोंदवहीत
बॅच, तारीख, ओलावा, माझी सही.
कुणाचं, याला रकाना नाही.

फ्रिजमध्ये, लोर्नाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी,
ठेवलेल्या बाटलीवर मात्र
नाव घालायचा नियम आहे.
मी केतकीचं घालते.
कधी चुकून
माझं.