सळया

हातिमभाईंनी हिरव्या बनातीवर
चार पिस्तुलं मांडली,
चष्मेवाला चष्मे मांडतो तशी,
मध्ये थोडं अंतर राखून, तोंडं भिंतीकडे.
बाहेर जळगावचा मे. कूलरला वाळ्याचा वास.
नाना माझ्या शेजारी, मांडीवर पिशवी,
पिशवीत माझा परवाना
आणि वाटेत खायला चार केळी.

एकतीस वर्षं वरणगावच्या कारखान्यात
नानांनी काडतुसं तपासली.
सहाची बस, डबा, गेज, ट्रे.
लाखो गेली या बोटांखालून,
झाडली एकही नाही.
"आपलं काम उजेडापर्यंत," म्हणायचे,
"आवाज दुसऱ्याचा."

पहिलं पिस्तूल मी उचललं. सडसडीत, बिचारं.
गोळ्या एकाखाली एक, शाळेच्या रांगेसारख्या.
आठव्या गोळीला संपणार,
आणि स्पर्धेत ऐन वेळी मी मॅगझीन चाचपत बसणार.
दुसऱ्यात दोन रांगा,
खो-खोतल्या गड्यांसारख्या बसलेल्या,
एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे.
पण मूठ अशी जाड
की माझं बोट चापापर्यंत पोचेना.
मी शाळेत पी.टी. शिकवते, हात लहान,
डाव्या मनगटात जुना मोड.

चौथं तर नवरदेव.
वर काचेचा डोळा, सोनेरी चाप,
सगळं आधीच बसवलेलं.
हातिमभाई म्हणाले, "याच्यात काही करावंच लागत नाही."
नाना म्हणाले, "तेच तर."

तिसऱ्यावर आमचं बोट एकदमच पडलं.
नळीच्या टोकाला वर कापलेल्या दोन खाचा.
"ह्या भोकाईनं काय व्हतं?"
"वायू वर निघतो, नाना. त्याच्या रेट्यानं नळी खाली बसते.
झटका येतोच,
पण दुसऱ्या गोळीपर्यंत ताईंची नजर जागेवर परत येते."
नानांनी खाचेवरून नख फिरवलं,
तीस वर्षं फिरवलं तसंच,
खरखर शोधत.
"मग दारूही तशीच भरलेली पाहिजे," ते म्हणाले.
"हलक्या काडतुसात वायू कमी, खाच रिकामी बसंल."
हातिमभाईंनी चष्मा काढला आणि पुसला.

मूठ पाठीमागून बदलता येते: लहान, मधली, मोठी.
लहान लावली. बोट पोचलं.
वर एक पट्टी, दोन बारीक स्क्रू,
पट्टीखाली जागा: पुढंमागं काचेचा डोळा घ्यायचा तर.
चापही नंतर बदलता येईल.
"आत्ता नको," मी म्हणाले,
पतपेढीचे हप्ते बोटांवर मोजत.
"आत्ता नकोच," नाना म्हणाले. "जागा असू दे."

नमुन्याचं पितळी काडतूस त्यांनी खिडकीशी धरलं,
कडेवर नख, बुडाशी डोळा.
"आमचं नाही," म्हणाले,
आणि तरी बराच वेळ ते परत ठेवलं नाही.

नाव लिहून घेतलं, कागद राहिले,
पिस्तूल डब्यात गेलं. महिना लागेल.
भुसावळच्या बसमध्ये नानांना खिडकी.
नशिराबादच्या पुढे
घरांच्या गच्च्यांवर उभ्या सळया,
सळयांवर उलट्या घातलेल्या बाटल्या,
उन्हात हिरव्या, तपकिरी.
मला आमची गच्ची आठवली.
मी पाचवीत असताना ओतलेला स्लॅब,
चार कोपऱ्यांत चार-चार सळया,
दर दिवाळीआधी नाना वर चढायचे,
ग्रीस लावायचे, बाटल्या नीट बसवायचे.

"आपला वरचा मजला राहूनच गेला," मी म्हणाले.
नाना केळं सोलत होते.
"राहिला," म्हणाले.
"पण गंजू दिल्या का?"

मग, साल खिडकीबाहेर टाकू की नको
या विचारात असताना, एकदम:
"पहिल्यांदा झाडशील तवा मले ने.
कानाले ते घालायचं असतं ना,
ते मी घालणार नाही.
एक तरी ऐकू दे."