सोफियात काय काय करावं

पहिलं म्हणजे बाटली घेऊन निघावं.
रिकामी, घट्ट झाकणाची.
सोनेरी घुमटाचं चर्च कुठं पळून जात नाही,
असं राडोस्तिनानं खुणेनं सांगितलं
आणि विजेच्या बिलाच्या पाठीवर नकाशा काढून दिला.
त्यात चर्च नव्हतंच.

जुन्या स्नानगृहाजवळ नळांची रांग आहे.
जमिनीतून आलेलं पाणी, ऊन ऊन.
ऊन म्हणजे गरमसुद्धा, हे मला तिथं आठवलं.
सुटाबुटातला माणूस पाच लिटरचे चार कॅन भरतो,
मागची बाई घाई करत नाही.
एक म्हातारा ओंजळीनं तोंड धुतो,
त्याला सगळे हाक मारतात, "बाय स्पास!"
मी वळून बघते, बाय कुठाय?
तिथं बाय म्हणजे वडीलधारा बाप्या.
पाण्याला उकडलेल्या अंड्याचा पुसट वास.
तरी प्यावं.

मग उकिडवं बसावं.
तळघराच्या खिडकीत दुकान असतं, गुडघ्याएवढ्या उंचीवर.
दूध, सिगारेटी, मेणबत्त्या.
दुकानदार गिऱ्हाईक ओळखतो ते बुटांवरून.
वकील असो की विद्यार्थी,
वाकल्याशिवाय कुणाला काही मिळत नाही.

बोझा प्यावा. आपली आंबीलच,
पण गोड, घट्ट, आणि न्याहारीला.
पिवळ्या फरशांवर जपून चालावं, ओल्या असल्या तर फारच.
रविवारी डोंगरावर जावं;
तिथले लोक भाजी आणायला निघावं तसे निघतात.

आणि दारांवरचे कागद वाचावेत.
मला वाटलं, निवडणूक आहे.
झाडांवर, ट्रामच्या थांब्यावर, फाटकांवर
उमेदवारच उमेदवार, बहुतेक वयस्कर,
एकानंही हात जोडलेले नाहीत.
राडोस्तिनाच्या दारावर एक मिशाळ गृहस्थ.
"हा कोण, नवरा?" मी बोटानं विचारलं.
तिनं मान आडवी हलवली.
नाही तर नाही.
"मुलगा येतो का भेटायला?"
मान खालीवर. मला बरं वाटलं.
"रात्री उशिरा नळ सोडते, चालतं ना?"
मान खालीवर.
मी आणखी मोठा सोडला.

पाचव्या दिवशी खिडकीशी बसून दूध मागितलं.
दुकानदारानं मान डोलावली.
मी नाणं धरून बसले. तो डोलावतोय, मी बसलेय,
पायांना मुंग्या आल्या.
मागून बाय स्पास आला, बाटल्या खाली ठेवल्या,
स्वतःची हनुवटी दोन बोटांत धरली,
आडवी हलवली: "दा." हो.
खालीवर केली: "ने." नाही.
दूध संपलं होतं.

चार मजले. जिना चढताना
एकेक उत्तर उलटं करत गेले.
नळाचं आठवून कान तापले.
मुलाचं आठवलं तेव्हा कठड्याला धरून थांबले.
दारावरच्या कागदाला काळी चौकट होती,
ती आधीही होतीच.
खाली आकडा: सहा वर्षं.
कागद दर वर्षी नवा, फोटो तोच.
तो तिच्याहून तरुण होत चाललाय.

त्या रात्री नळ सोडला नाही.
तिनं दारात दह्याचं भांडं ठेवलं होतं,
त्यावर बशी, बशीवर चमचा.

निघताना तिनं विचारलं, "पुन्हा?"
मी मान हलवली, आपल्याकडं हलवतात तशी,
तिरपी, आठाच्या आकड्यासारखी.
ती बघत राहिली. मग तिनंही तशीच हलवून पाहिली,
जमेना, हसली,
आणि माझी बाटली घेऊन एकटीच नळांकडं गेली.

विमानतळावरच्या पोरानं ती पिशवीतून काढली,
डब्यात टाकण्याआधी
क्षणभर हातात धरून ठेवली.
अजून कोमट होती.