पाणी वर्ज्य

तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये
माझी एकतीस वर्षं गेली.
रजिस्टरं स्कॅनिंगला जायच्या आधी
मी धूळ झटकते, कसर बघते,
आणि साहेब जेवायला गेले की वाचते.

हे भवानी पेठेतल्या कुठल्याशा दवाखान्याचं,
शाई चहाच्या रंगाची झालेली.
शेवटच्या रकान्यात तीनच शब्द आलटूनपालटून:
बरा. मयत. पळाला.

मिठाराम तांबट. पटकी. अफू, कापूर,
जळवा सहा, पाणी वर्ज्य.
मयत.
त्याची बायको सगुणा. तेच औषध. पाणी वर्ज्य.
पहाटे मयत.
भाचा केरबा, वय चौदा. पाणी वर्ज्य.
पळाला.

डॉक्टर वाईट नसावा.
गरिबाकडून पैसे घेतल्याची नोंद नाही,
रात्रीतून तीन-तीनदा नाडी बघितल्याची आहे.
हाताला गुण आहे म्हणत लोक नारळ आणायचे,
तेही लिहिलंय त्यानं: नारळ अकरा.
आता नारळ घेऊन येणार कोण?
ज्याला उतार पडला तोच.
मेलेल्यांची तक्रारवही
कुठल्याच दवाखान्यात नसते.

पन्नासएक पानांनी हिवताप लागतो
आणि अक्षर एकदम सैल होतं:
क्विनीन, बरा. क्विनीन, बरी. क्विनीन, बरा.
जुडग्यातली एक तरी किल्ली
कुलपात फिरावी, तसे ते गोल गोल र.
मग पुन्हा खोकला, क्षय, बाळंतरोग,
पुन्हा बारीक, टोकदार मयत.

गेल्या आठवड्यात माझ्या नातीला जुलाब.
डॉक्टरीणबाई फोनवरच म्हणाल्या,
मीठ-साखरेचं पाणी, चमचा चमचा, थांबू नका.
रात्रभर मी भरवत होते
आणि कानात तेच: वर्ज्य, वर्ज्य.
सकाळी पोरगी पोहे मागायला लागली.

परवा केरबाच्या ओळीशी परत गेले.
समासात पेन्सिलीनं, त्याच हातचं:
'शनवारवाड्यापुढं बाजारात दिसला. ठणठणीत.
म्हणे, नदीवर पोट फुटेस्तोवर पाणी प्यालो.'
त्याखाली रेघ. रेघेखाली काही नाही.
पुढच्या पानावर जनाबाई कासार, पटकी,
पाणी वर्ज्य.
'वर्ज्य' खोडलंय.
आणि वर, जरा दाबून, पुन्हा लिहिलंय.

स्कॅन करणारा पोरगा म्हणाला, मॅडम,
पेन्सिल उमटत नाहीये.
मी म्हटलं, काळं वाढव.