सवलतीची पंधरा मिनिटं

सकाळी सातला ऑर्लँडोच्या मोटेलांमधून
हजारो अंगठे एकदम काचेवर पडतात.
सात वाजून चार मिनिटांनी
ड्रॅगनची सगळी दुपार संपलेली असते.

मी त्याच्या दाराशी.
बिल्ल्यावर नाव मिर्लांद, खाली गाव जाकमेल.
हातात यंत्र. हिरवं म्हणजे या.
लाल म्हणजे मी सांगायचं, हसून.

एका वेळी एकच आरक्षण,
ते वापरल्याशिवाय दुसरं नाही.
ठरलेला एक तास, वर पंधरा मिनिटं सवलत.
सोळाव्या मिनिटालाही हसू तेच.

तीन बावन्नला एक आजोबा आले, अलाबामाचे.
खांद्यावर नात, एका पायात सँडल नाही.
लाल.
"आम्ही वेळेआधीच आलो होतो. त्या बाकावर.
झोप लागली तिला. उठवायचं जिवावर आलं."

बाक इथून दिसतो. मी पाहिलं होतं.

दिवसाला तीन माफ्या असतात माझ्याकडे.
तिसरी दोन वाजताच दिली होती,
ओरडणाऱ्या माणसाला.
हे ओरडले नाहीत.

पोर्ट-ओ-प्रिन्सला, वकिलातीच्या खिडकीत,
माझीही तारीख एकदा अशीच गेली.
काचेपलीकडची बाई हसली होती.
कितीतरी वर्षं तिला शिव्या दिल्या मी.

"उंची तरी मोजाल?" आजोबा म्हणाले.
"मागच्या वर्षी दोन बोटं कमी पडली."
उरलेली सँडलही काढली त्यांनी.
पोर पेंगत पट्टीशी उभी राहिली.
केस दाबून धरले मी.

भरली. वर बोटभर जास्तच.

यंत्रात याची नोंद कुठे करायची,
मला सापडलं नाही.